विहीणबाई आणि फुगीर आरसा

सर्व आप्तेष्टांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या पल्लवीचं लग्न जमता जमता मोडायला आलं होतं, आणि त्याला पत्रिका, मंगळ किंवा मानपान यांपैकी काहीही कारणीभूत नव्हतं. कारणीभूत होता गाडीतला आरसा. मी स्वतः पसंत करून आणलेला!

आधी माझ्या मानेबद्दल सांगते. ती वळत नाही. डॉक्टर म्हणाले, मणक्यांचा त्रास आहे. आमचे हे म्हणाले, "आयुष्यात कधी माघार घेतली नाही, आता मान कशी मागे वळन?" पण गाडी कधीतरी मागे घ्यावीच लागते, आणि ती घेताना मी शेजारच्या कोलते काकांची स्कूटर दोनदा झोपवली. (एकदा तर काका तिच्यावर बसलेले होते. पण ते वेळेवर उतरले.) शेवटी मूळ आरशावर चढवायचा मोठा आरसा घ्यायचं ठरलं.

सदर बाजारातल्या एका दुकानात दुकानदाराने दोन आरसे समोर ठेवले. एक सपाट, एक फुगीर.

"सपाट चांगला वाटून राहिला," हे म्हणाले.

"साहेब, सपाटात काय दिसते? हा फुगीर घ्या. डायरेक्ट सिनेमा! मागची अख्खी वरात दिसते."

मी फुगीर आरशात डोकावले. त्यात मी चक्क बारीक दिसत होते! माझी हनुवटी एकच होती!

"द्या हाच," मी म्हणाले.

"अवं, तुले गाडी पाह्याची आहे का स्वतःले?" हे कळवळले. पण तोवर आरसा बांधून झाला होता.

त्याच रविवारी निखिलचे आईवडील वर्ध्याहून येणार होते. निखिल आणि पल्लवीने एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. आमचा होकार होता, अडलं होतं ते कुंदाताईंपाशी, म्हणजे निखिलच्या आईपाशी. फोनवर त्या मला अजून 'ताई'च म्हणत होत्या. 'विहीणबाई' हा शब्द त्यांच्या तोंडून येत नाही तोवर काही खरं नाही, हे मला कळत होतं. पल्लवीलाही कळत होतं. मी स्टेशनवर निघाले तर ती फाटकाशी आडवी उभी!

"आई, शपथ घे. कुंदाकाकूंसमोर एक शब्द वाकडा बोलणार नाहीस."

"घेतली."

"बाबा, तुम्ही साक्षीदार."

मी ती शपथ पाळली हो! माझ्या तोंडून एकही वाकडा शब्द गेला नाही. फक्त तोंड वाकडं झालं. त्याबद्दल शपथेत काही नव्हतं.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. पाहुण्यांदेखत आम्ही नवराबायको तोंडाने बोलत नाही, चेहऱ्याने बोलतो. डावी भुवई वर गेली की 'ऐकून घ्या!' ओठाचा कोपरा खाली ओढला की 'थापा!' गाल फुगवून डोळे फिरवले की 'केवढा हा मोठेपणा!' लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना माझा चेहरा आता सकाळच्या पेपरसारखा वाचता येतो.

स्टेशनवरून निघालो. हे माझ्या बाजूला, मांडीवर आम्ही पाहुण्यांसाठी घेतलेला संत्रा बर्फीचा डबा. मागे कुंदाताई आणि त्यांचे मिस्टर. हे गृहस्थ 'नमस्कार' म्हणाले आणि मग वाचाच गेल्यासारखे बसले. आणि समोर माझा आरसा! अहाहा! मागची सगळी सीट, कुंदाताईंची नथ, मिस्टरांच्या शर्टाची बटणं, सगळं लख्ख. मला टीव्ही लावून बसल्यासारखं वाटलं.

"आम्हाला काहीच नको बरं ताई," कुंदाताईंनी सुरुवात केली. "मी तर इतकी साधी आहे!"

यांनी बघावं म्हणून माझा ओठाचा कोपरा खाली गेला.

"सुनेला तर मी कामच नाही सांगणार. मुलीसारखी ठेवीन."

भुवई वर गेली. यांनीही उत्तरादाखल हळूच डोळे फिरवले.

"आणि माझ्या हातच्या वडाभाताची तर अख्ख्या वर्ध्यात तारीफ आहे. लोक घरी येऊन मागतात!"

मी दोन्ही गाल फुगवले आणि डोळ्यांचा असा काही गरका मारला की आजवरच्या संसारात तसा जमला नव्हता. यांना हसू आवरेना. त्यांनी डब्यावर वाकून खोकल्याचं सोंग केलं.

एवढ्यात आम्ही धंतोलीत शिरलो. दोन्हीकडे दवाखाने, मधे ऑटो, पेशंट, नातेवाईक, नारळपाणीवाले. मी मोठ्या ऐटीत मागचं बघायला आरशात नजर टाकली, तर काय!

कुंदाताईंनी गाल फुगवले होते! मिस्टरांकडे बघून त्यांनी डावी भुवई चढवली, ओठाचा कोपरा खाली ओढला आणि डोळ्यांचा गरका मारला. ही बाई माझी नक्कल करून राहिली होती! आणि हुबेहूब! हनुवटीसकट!

एका क्षणात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या आरशात मला त्या दिसत होत्या, त्याच आरशात मी त्यांना स्टेशनपासून दिसत होते! हा टीव्ही नव्हता हो, आरसा होता!

त्याच वेळी कुंदाताईंनी वर पाहिलं. आमची नजरानजर झाली. त्यांचे गाल फुगलेलेच राहिले. माझा जबडा उघडाच राहिला. नक्कल करताना आपण पकडले गेलो, हे त्यांना कळलं होतं. आपली नक्कल कशामुळे झाली, हे मला कळलं होतं. दोघींनाही नजर काढता येईना.

"अवं, समोर पाय! पाय! पाय!" हे किंचाळले.

पुढच्या ऑटोतून प्लॅस्टर घातलेला एक अख्खा पाय बाहेर आला होता. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. पायाच्या वीतभर आधी गाडी थांबली. ऑटोतून एक डोकं बाहेर आलं.

"ओ बाई! एक तं मोडलाच आहे, दुसरा तरी राहू द्या!"

त्या झटक्याने डब्याचं झाकण उडालं, आरसा वरून निसटला आणि थेट यांच्या मांडीवरच्या डब्यात, बर्फीत रुतून उभा राहिला. त्यात आता फक्त यांचा घाबरलेला चेहरा दिसत होता.

मला डोळ्यांपुढे फाटकाशी उभी असलेली पल्लवी दिसू लागली. तिला काय सांगू? एक शब्द बोलले नाही गं, पण तुझं लग्न मोडून आणलं? मान वळत असती तर मी मागे वळून माफी मागितली असती. पण मान कुठली वळते! मी समोर त्या प्लॅस्टरकडे बघत नुसती घाम पुसत राहिले.

आणि तेवढ्यात स्टेशनपासून गप्प बसलेले कुंदाताईंचे मिस्टर पुढे वाकले. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्यासारखे मोठ्याने म्हणाले,

"जमलं बुवा, व्याहीबुवा! मले वाटून राहिलं होतं, असं तोंड फक्त आमच्याच घरी आहे!"