बोटावरची चकती

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात डोळ्यांच्या एका दवाखान्यात नर्स होते. काचबिंदूच्या काही पेशंटसाठी डॉक्टरांनी नव्या चकत्या मागवल्या होत्या. नखाएवढी पातळ चकती खालच्या पापणीआड ठेवायची. आठवडाभर तिच्यातून औषध झिरपत राहायचं. दिवसातून चार वेळा थेंब घालायची कटकट नाही. ती बसवायला शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. "वर बघा, पापणी ओढा, बोट हलवू नका" म्हणून म्हणून दुपारपर्यंत घसा बसायचा. संध्याकाळी कुणीतरी परत यायचंच. चकती उशीवर पडली, हरवली.

कसबा बावड्याच्या एक मावशी दर शुक्रवारी चार म्हशींच्या धारा काढून यायच्या. बोटांची कातडी राठ झालेली. चकती बोटावर आहे की पडली, हेच त्यांना कळायचं नाही. दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या खेपेला मी वैतागून म्हटलं, "मावशी, तुम्ही आपले थेंबच घाला."

"थेंब घालायचं इसरतंय म्हणून तर हितं आलोय न्हवं?" त्या ताडकन म्हणाल्या. "शिकवा की. मी कुठं पळून चाललोय?"

मला लाज वाटली. घरी भिजवलेल्या हरभऱ्याचं साल बोटावर उचलायचा सराव करा, असं सांगितलं. डोळ्यात मात्र घालू नका. पुढच्या वेळी त्यांनी हात धुतले, आरशासमोर बसल्या आणि पहिल्याच झटक्यात चकती बसवली. मग बाकावरच्या एका रिटायर गुरुजींना त्याच शिकवू लागल्या. "पावणं, डोळा मिटू नगा. चावत न्हाय ती." लोक माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकायचे. त्या दिवसांत मला बसून चहा प्यायला मिळायचा.

वर्षभरात चकत्या यायच्या बंद झाल्या. का, ते डॉक्टरांनाही नीट कळलं नाही. सगळ्यांना पुन्हा थेंब शिकवायचे होते, तेही मलाच. "एवढं शिकलो ते वाया गेलं म्हना," मावशी इतकंच बोलल्या. मी थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या.

सकाळ-संध्याकाळचे थेंब त्या धारांच्या वेळी घालत, मधले दोन राहून जात. दीडएक वर्षानं तपासणी झाली. डाव्या डोळ्याची बाजूची नजर आणखी कमी झाली होती. गेलेली नजर परत येत नाही, हे मीच सांगितलं.

त्यांनी पदर सावरला. "मारकी म्हस उजवीकडं बांधतो आता," म्हणाल्या, "डावीकडनं शिंग आलेलं दिसायचं न्हाय."

मी पुढची तारीख लिहून दिली. बाहेर बाक भरलेला होता.