कल्याणच्या क्लबात मयताची चाल

ठाण्याच्या तळ्यापलीकडे ख्रिस्तांवांची एक वाडी होती. तिथे लग्न असो की मयत, सिल्वेस्टरच्या फिडलीशिवाय, म्हणजे व्हायोलिनशिवाय, पान हलत नसे. पावसाळ्यात थोडी भातशेती करायची आणि उरलेलं वर्ष दुसऱ्यांच्या सुखदुःखात वाजवायचं, असा त्याचा संसार. माणूस मोठा तिरसट. लग्नात कुणी हे वाजव, ते वाजव असं सांगायला आलं, की तो गज खाली ठेवून त्याच्याकडे नुसता बघत राही. सांगणारा आपणहून मांडवाबाहेर जाई. क्लारनेटवर त्याचा मेहुणा सेलेस्टीन, ढोलावर लग्नाळू पुतण्या जेराल्ड. तिघांचा मिळून बँड.

या बँडकडे एक चाल होती ती फक्त मयताची. घरातून शवपेटी उचलली की सुरू व्हायची आणि कबरस्थानाच्या फाटकाशी थांबायची. तिला शब्द नव्हते. सिल्वेस्टरच्या आजाला ती कुणा म्हाताऱ्या पाद्र्याने शिकवली होती म्हणे, आणि सोबत एक नियम घालून दिला होता: मेलेलं माणूस समोर नसताना ही चाल वाजवायची नाही. सराव म्हणूनसुद्धा नाही. पेटीमागून चालता चालताच शिकायची. सिल्वेस्टर तशीच शिकला. तीन वर्षांपूर्वी त्याची स्वतःची मुलगी, सात वर्षांची बिट्रिस, तापाने गेली, तेव्हाही ती त्यानेच वाजवली. आज तरी दुसऱ्याला वाजवू दे, असं लोकांनी परोपरीने सांगितलं. त्याने ऐकलं नाही. लेकीला द्यावं असं त्या बापाकडे दुसरं होतं तरी काय? पोरीला आपण नीट पोचवलं, एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर तो तेव्हापासून दिवस काढत होता.

सन अठराशे पंच्याऐंशीच्या नाताळात त्यांना कल्याणचं बोलावणं आलं. तिथे रेल्वेच्या गोऱ्या आणि अर्धगोऱ्या ड्रायव्हर-गार्डांनी स्टेशनामागे एक क्लब काढला होता. क्लब म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, तिच्यात एक पियानो आणि वीस-बावीस माणसं. नाताळचं दुपारचं जेवण आणि नंतर नाच. तिघे सकाळच्या गाडीने गेले, कोट घालून कोपऱ्यात उभे राहिले आणि वाजवू लागले. वाडीतल्या लग्नातल्याच चाली होत्या, पण साहेबलोकांनी त्या गोड मानून घेतल्या.

मग एका जाड्या ड्रायव्हरची बायको पुढे आली. तिला कसलंसं गाणं हवं होतं. सिल्वेस्टरला ते कळेना, म्हणून ती पियानोशी जाऊन बसली आणि एका बोटाने वाजवून दाखवू लागली. पहिल्या चार सुरांतच सेलेस्टीनने क्लारनेट तोंडातून काढलं.

ती मयताची चाल होती. जरा उड्या मारत चाललेली, पण तीच. तेच चढणं, तेच मधेच अडणं, तेच खाली येणं. सिल्वेस्टरला आधी वाटलं, आपल्याच कानांना काही झालंय. तेवढ्यात खोलीतली माणसं हसत हसत गाऊ लागली, टाळ्या पडू लागल्या, आणि जेराल्डच्या हाताने त्याला न विचारताच ढोलावर ताल धरला. सगळे वळून फिडलीकडे बघू लागले. नाही म्हणायला सिल्वेस्टरला शब्द सापडेना, आणि सापडला असता तरी कारण काय सांगणार? त्याने गज उचलला. हात गेली वीस वर्षं त्या वाटेने चालत होते. ते चालू लागले. बायका गिरक्या घेऊ लागल्या. एक लहान मुलगी बापाच्या बुटांवर उभी राहून नाचत होती. सिल्वेस्टरने डोळे मिटून घेतले.

नाच संपल्यावर त्याने क्लबच्या पोपट नावाच्या बटलरला गाठून विचारलं, हे गाणं कशाचं? पोपटला जेमतेम इंग्रजी येत होतं. त्याने सांगितलं की कुणा खलाशाची टोपी वाऱ्याने उडते आणि तो तिच्यामागे बाजारभर धावतो, असं काहीतरी आहे, पिऊन झाल्यावर म्हणतात.

परतीच्या गाडीत दोघांची तीन मतं झाली. सेलेस्टीन म्हणाला, साहेबांनीच आपली पवित्र चाल चोरून बिघडवली. जेराल्डचं म्हणणं, पाद्रीबाबांनाच तरुणपणी कुठेतरी ऐकलेलं आवडलं असेल, त्यांनी ते हळू करून दिलं. मग पुन्हा सेलेस्टीन म्हणू लागला, की ती चाल तीच नव्हेच, नुसती तिच्या वळणाची आहे. सिल्वेस्टरला तिन्ही पटत होती आणि एकही पटत नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं: बिट्रिसला आपण कशावर नेलं? खलाशाच्या टोपीवर?

आठ दिवस तो धड जेवला नाही. फिडलीला हात लावला नाही. बायको जुलिया विचारी, तर तो तिच्या अंगावर खेकसे. शेवटी एका दुपारी, ती अंगणात मासळी साफ करत बसली असताना, त्याने सगळं सांगून टाकलं. आता ही रडेल, मला बोल लावेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

जुलियाचा हात थांबला. ती म्हणाली, "त्या दिसा तुमी वाजवलं? मना काय ऐकूच नय आलं."

बिट्रिसच्या मयताला घरापासून कबरस्थानापर्यंत सिल्वेस्टर वाजवत होता, आणि ही चार पावलांवर चालत होती. जी गोष्ट त्याने तीन वर्षं दोघांची म्हणून जपली, ती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. रागवावं की काय करावं, त्याला समजेना.

तिने हात धुतले, आत जाऊन फिडली आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "आता वाजवा. मी ऐकते."

त्याने नियम सांगितला: घरात मेलेलं माणूस नाही. ती म्हणाली, "आपल्या घरात हाय." त्याने फिडली खांद्याला लावली आणि विचारलं, "हलू वाजवू, का कल्याणवानी?"

"तिला आवडली असती तशी."

गज तारेवर टेकला आणि तिथेच राहिला. तिला कशी आवडली असती? साऱ्या वाडीच्या लग्नांत तो वाजवत आला, पण आपल्या पोरीला कुठली चाल आवडते, हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. त्याला खूप लाज वाटली. त्याने जुलियालाच विचारलं, तुला तरी ठाऊक आहे का? तिने आठवून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मग त्याने ती चाल एकदा हळू वाजवली आणि एकदा जलद.