सहा हजार तीनशे किल्ल्या

माझे सासरे एकतीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकही कुलूप बनवलं नाही. ते यादी लिहायचे. कारखान्यात सगळे त्यांना यादीमास्तर म्हणत. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, सामानसुमानाची काहीतरी यादी असेल. खरं काम कळायला मला सहा वर्षं लागली, आणि तेही माझं स्वतःचं काम अडलं म्हणून.

दाराच्या कुलपाची किल्ली नीट पाहिली तर तिच्या धारेवर खाचा दिसतात. त्यांच्या कारखान्याच्या किल्लीला पाच खाचा असत आणि प्रत्येक खाच सहापैकी एका मापाची. एक म्हणजे अगदी उथळ, सहा म्हणजे सगळ्यात खोल. कुठली खाच किती मापाची, यावरून किल्ली ठरायची. दोन घरांना चुकूनही एकच किल्ली जाता कामा नये, म्हणून होऊ शकणारी प्रत्येक किल्ली आधी कागदावर हवी. कुलूप तयार झालं की त्यातली एक ओळ त्याच्या नावे व्हायची, समोर तारीख आणि दुकानाचं नाव पडायचं, आणि ती ओळ कायमची बाद.

ही यादी बाबा मनातून लिहीत. ओळी संपल्या की किल्लीच्या पात्याची घडण बदलायची, म्हणजे नवी किल्ली जुन्या कुलपात शिरायचीच नाही, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून. अशी अकरा रजिस्टरं त्यांनी लिहिली. जुन्या रजिस्टरावरून उतरवून का नाही घेतली, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की बघून लिहिताना डोळा ओळ सोडतो, मनातून लिहिताना मन सोडत नाही.

मी आरोग्य पाहणीच्या कार्यालयात संख्याशास्त्राचं काम करते. त्या वर्षी मला एक तक्ता करायचा होता: सहा वयोगट, स्त्री-पुरुष, चार विभाग, तीन ऋतू आणि नऊ आजार. नोंदींतून मोजदाद केली की ज्या गटात रुग्ण सापडले तेवढेच गट दिसतात. जिथे एकही रुग्ण नाही तो गट तक्त्यातून गायबच होतो, आणि साहेबांना नेमकी ती शून्यंच हवी होती. म्हणून आधी सगळ्या जोड्यांचा कोरा तक्ता हवा. मी प्रोग्रॅम लिहायला घेतला. एका लूपच्या, म्हणजे तीच आज्ञा आकडा बदलत पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फेऱ्याच्या, पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं, असं पाच लूप खोल गेले आणि तिथेच अडकले. तक्ता मध्येच संपत होता. दोन दिवस डोकं खाजवून झालं, शेवटी त्याचा कागद छापून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसले.

बाबा पाण्याचा तांब्या ठेवायला आले होते. उभ्याउभ्याच त्यांनी कागदावर नजर टाकली, मग खुर्ची ओढून बसले. त्यांना संगणकाचं ओ की ठो कळत नव्हतं. तरी आकड्यांच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेत ते एका ओळीवर थांबले.

"इथे शेवटचा नऊवर पोचला. त्याला परत एकवर कोण आणणार?"

मी प्रोग्रॅम पाहिला. आतला आकडा परत एकवर आणायचं मी खरंच विसरले होते. दोन दिवसांची चूक त्यांनी दोन मिनिटांत पकडली. मी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी होतं. त्यांना मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांच्या हातात हेच काम एकतीस वर्षं होतं: शेवटची खाच पळते, बाकीच्या उभ्या राहतात. ती सहावर पोचली की परत एकवर येते आणि तिच्या अलीकडची एक पायरी चढते. माझ्या प्रोग्रॅममधले पाच लूप बाबा डोक्यात घेऊन जगले होते. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा त्यांच्या यादीबद्दल सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तो दुरुस्त प्रोग्रॅम ऐटीत आमच्या कार्यालयातल्या मोठ्या बाईंना दाखवला. बाई मितभाषी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हे पाच मजले कशासाठी चढवलेस, असं विचारलं. मग माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी एक ओळ लिहिली. आमच्या भाषेत एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेला व्हेक्टर म्हणतात. बाईंनी माझे पाच व्हेक्टर एकापुढे एक त्या एकाच आज्ञेत ठेवले, आणि सगळ्या जोड्या तक्ता होऊन समोर आल्या. एक हजार दोनशे शहाण्णव ओळी. लूप एकही नाही. बाई उठल्या आणि चहाला गेल्या.

मला मात्र दिवसभर दुसरंच काही सुचेना. बाबांना हे दाखवायचं होतं आणि दाखवायला जीव धजत नव्हता. माणसाच्या अकरा रजिस्टरांसमोर एक ओळ कशी ठेवायची?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पाच खाचांसाठी पाच व्हेक्टर लिहिले, प्रत्येकात एक ते सहा. मग ती आज्ञा. बटणावरून बोट उचलायच्या आत पडद्यावर आलं: सात हजार सातशे शहात्तर ओळी.

"झालं?" बाबांनी विचारलं.

मी झालं म्हटलं. ते पुढे वाकले, मला खाली खाली जायला सांगत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे उलटं चाललंय. पहिली खाच पळतेय." आणि खरंच, ती आज्ञा पहिल्या व्हेक्टरला सगळ्यात वेगाने फिरवते. मी रकान्यांचा क्रम फिरवून दिला. आता यादी त्यांच्या हातची दिसायला लागली.

मग त्यांनी विचारलं की हे यंत्र एवढ्यात मोजतं तरी कधी. मला जमेल तसं मी समजावलं. ते आपल्यासारखं ओळीमागून ओळ चालत नाही. एक रांग उचलून जशीच्या तशी पुन्हा पुन्हा मांडतं. दुसऱ्या रांगेतला प्रत्येक आकडा सहा-सहा वेळा मांडतं, तिसऱ्यातला छत्तीस-छत्तीस वेळा, आणि असंच पुढे. मग त्या रांगा शेजारी शेजारी उभ्या करतं. ओळी आपोआप तयार होतात.

बाबांनी चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला.

"म्हणजे उभं लिहायचं," ते हळूच म्हणाले. "मी एकतीस वर्षं आडवं लिहीत होतो."

त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे वाईट वाटल्याचा मागमूस नव्हता. डोंगर चढून गेल्यावर पलीकडचं खोरं दिसावं तसा तो चेहरा होता.

सात हजार सातशे शहात्तर ही काही त्यांची यादी नव्हती. त्यांच्या आधीच्या जुन्या मास्तरांनी त्यांना दोन नियम दिले होते. शेजारच्या खाचांत एक आणि सहा येता कामा नये. आणि पाचही खाचा एकाच मापाच्या नकोत. मी पहिल्या रकान्यातून दुसरा वजा केला, दुसऱ्यातून तिसरा, असे अख्खेच्या अख्खे रकाने. फरक जिथे पाचाचा आला त्या ओळी एका फटक्यात गेल्या. उरल्या सहा हजार तीनशे सहा. मग सगळ्या सारख्या मापांच्या सहा गेल्या.

"किती?"

"सहा हजार तीनशे."

"तेवढ्याच," बाबा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

त्यानंतरचा हट्ट माझा. मला त्यांचं रजिस्टर या यादीशी ताडून पाहायचं होतं. कारखान्याच्या भांडारात ती सगळी रजिस्टरं अजून होती. भांडारपालाने रजिस्टर बाहेर न्यायला साफ नकार दिला, पण यादीमास्तर स्वतः आलेत म्हटल्यावर खुर्ची दिली, उजेडाला टेबल सरकवून दिलं, आणि मी शेवटच्या रजिस्टराच्या दोनशे दहा पानांचे फोटो काढले. पानाला तीस ओळी. महिनाभर रोज संध्याकाळी बाबा फोटोवरून वाचायचे आणि मी टाइप करायची. त्यांचं वाचणं एका लयीत चाले. माझा नवरा शेजारच्या खोलीतून म्हणायचा की तुमच्या दोघांच्या पाढ्यांनी मला स्वप्नातही किल्ल्या दिसतात.

शेवटचं पान संपलं तो दिवसही रविवारच होता. आता दोन याद्या होत्या, एक बाबांची आणि एक यंत्राची. एकीत आहे पण दुसरीत नाही असं काय, हे विचारायलाही एकच ओळ लागते. मी विचारलं. उत्तर आलं: एक. दोन-चार-तीन-तीन-पाच ही किल्ली बाबांच्या यादीत नव्हती. आणि दोन-चार-तीन-पाच-पाच दोनदा होती.

सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला आनंद झाला. सहा हजारांच्या ढिगातून क्षणात एक खडा निघाला होता. मग मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"म्हणजे दोन दारं एका किल्लीने उघडतात," ते म्हणाले.

मला त्या आकड्यांत चूक दिसत होती. त्यांना दोन घरं दिसत होती. कुणीतरी दाराला कुलूप लावून निर्धास्त कामाला जात होतं आणि त्याच गावात आणखी एका अनोळखी माणसाच्या खिशात त्या घराची किल्ली होती. ते त्या दिवशी जेवले नाहीत. सोमवारी सकाळी मी आवरून बाहेर आले, तर ते बूट घालून दाराशी बसले होते. भांडारात जाऊन त्या दोन कुलपांपुढे कुठल्या दुकानांची नावं पडलीत ते पाहायचं, दुकानदारांना गाठायचं, गिऱ्हाईक शोधायचं आणि आपल्या खर्चाने कुलूप बदलून द्यायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

मी म्हटलं, मीही येते. चप्पल घालत होते, तेवढ्यात ते म्हणाले:

"एक सांग. ती दोनदा आलेली किल्ली कितव्या कितव्या ओळीला आहे?"

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. एक तिच्या जागी होती. दुसरी बऱ्याच ओळी आधी, शेवटी तीन-चार आणि शेवटी तीन-सहा असलेल्या ओळींच्या मधोमध.

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग मान हलवली. "माझी चूक अशी नसते. मी चुकलो असतो तर ओळ गाळली असती. पुढची ओळ मागे आणली नसती. तिथे हात उडी मारणारच नाही."

मी त्या पानाचा फोटो उघडला. बाबांच्या रेखीव आकड्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं: दोन, चार, तीन, तीन, पाच. टाइप करताना माझंच बोट घसरलं होतं.

मी तो एक आकडा सुधारला आणि आज्ञा परत दिली. त्यांच्या यादीत नसलेली किल्ली: शून्य. यंत्राच्या यादीत नसलेली किल्ली: शून्य. दोनदा आलेली: शून्य. सहा हजार तीनशे ओळी, पाच-पाच आकडे, एका माणसाने समोर काही न ठेवता लिहिलेले, आणि कुठे तसूभरही फरक नाही. यंत्राला ते जमलं यात मला आता काहीच वाटत नव्हतं, त्याला ते जमणारच होतं. मी बाबांच्या हातांकडे बघत राहिले. ते हात बुटाची नाडी सोडत होते.

पुढे मी आणखी तीन रजिस्टरं टाइप केली. तीही तशीच निघाली. मोठ्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की एकदा त्यांना इकडे घेऊन ये. मी बाबांना घेऊन गेले. बाई त्यांना बघून खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. साहेब आले तरी त्यांना कधी उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाबांचं लक्ष मात्र आता वेगळ्याच यादीवर होतं. त्यांनी मला नियमांनी बाद केलेल्या ओळी काढून मागितल्या. सगळ्या सारख्या मापांच्या सहा धरून एक हजार चारशे शहात्तर. या किल्ल्या त्यांनी आयुष्यात कधी लिहिल्या नव्हत्या. ती पानं ते रोज दुपारी वाचत बसायचे. शेवटी एक दिवस कारखान्यात गेले आणि जुन्या ओळखीच्या किल्ली कापणाऱ्याला म्हणाले, एक-सहा-एक-सहा-एक कापून दे. तो हसला. म्हणाला, "मास्तर, तुमच्याच यादीत ही नाही." पण कापून दिली.

ती किल्ली घेऊन ते घरी आले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. करवतीच्या दातांसारखी दिसत होती. त्यांनी मला बोटाने दाखवलं. सहाची खोल खाच पाडताना कापणाऱ्या चाकाच्या उताराने शेजारच्या एकचा खांदा तासला गेला होता. मधला एक दोन्ही बाजूंनी तासून नुसता टोकदार राहिला होता. मापकावर घातला तर तो एक उरलाच नव्हता, दोनच्याही खाली गेला होता. लिहायची एक किल्ली आणि निघायची भलतीच.

"जुन्या मास्तरांनी सांगितलं, मी मान डोलावली," बाबा म्हणाले. "का, ते आज पाहिलं."

मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. खाचा पाचाच्या सहा केल्या, तर किती होतात ते त्यांना बघायचं होतं.