काकूपासून लपवलेले पाच तास

आमच्या गावात मरणाची बातमी ज्याच्या घरची असते, त्यालाच सगळ्यात शेवटी कळते. हे मायेपोटी करतात, असं म्हणतात. मीही म्हणायचे. आता कुणी माझ्यासमोर तसं म्हटलं की मला राग येतो, आणि तो राग माझा माझ्यावरच असतो.

माझा चुलत भाऊ फौजेत होता. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, त्यामुळे माझ्याच कडेवर वाढलेला. मला गावातच दिलं. दोन गल्ल्या ओलांडल्या की माहेर. काकूच्या घरी मी दिवसातून चार चकरा मारणार, आणि सासूबाई त्यावरून चार टोमणे मारणार, हे ठरलेलंच.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली आणि रजा अर्धी टाकून त्याला निघावं लागलं. चुडाव्याच्या स्टेशनवर सोडायला मी आणि काका गेलो होतो. काका तिकिटाच्या खिडकीकडे गेले तेवढ्यात तो म्हणाला, "अक्का, काही कमी-जास्त झालं तर आईला तू सांगायचं. लोकाच्या तोंडून कळू देऊ नको."

"शुभ बोल की मुडद्या," म्हणत मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. आमच्याकडे लाडाच्या पोराला अशाच शिव्या देतात. तो हसला आणि म्हणाला, "शब्द दे." मी दिला.

बारा दिवसांनी, सकाळी सातला, काकांचा फोन आला. ते मानवतला सोयऱ्यांकडे लग्नाला गेले होते.

"पोरगं गेलं आपलं," ते म्हणाले. "पलटणीतून फोन आल्ता. पहाटं गेलं म्हणायलेत. उद्या आणणार हायत. तिला सांगू नको. मी निघालो. तवर दोन घास खाऊ दे तिला, मंग लय दिवस खायची न्हाई ती."

मी हो म्हणाले. त्याला दिलेला शब्द मला त्या क्षणी लख्ख आठवत होता, तरी हो म्हणाले.

आठ वाजेपर्यंत गावभर झालं. कुणीतरी केबल बंद करवली. पोरं फाट्यावर त्याचा फलक लावायला निघाली. मी काकूकडे गेले आणि "चार्जिंगला लावते" म्हणून तिचा फोन घेऊन कमरेला खोचला.

काकू अंगणात चुलीवर चीक हाटत होती. कुरडयांचा दिवस होता तो. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक. तो कुणासाठी थांबत नाही, शिजवून गरम आहे तोवर सोऱ्यातून घालावाच लागतो. मदतीला चार जणी यायच्या होत्या. एकीचा गुडघा धरला, दुसरीकडे पाहुणे आले, उरलेल्या दोघींनी निरोपही धाडला नाही.

"काम म्हणलं की गावातल्या बायका आजारी पडत्यात," काकू म्हणाली आणि हसली. मी सोऱ्या धरला. लग्न झालेल्या लेकीला सुतक थोडक्या दिवसांचं असलं तरी असतंच, आणि सुतकात वाळवण करत नाहीत. हे कळत असूनही मी घालत राहिले, कारण हात थांबले असते तर तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं.

आणि ती नेमकी त्याच्याच गोष्टी सांगत होती. लहानपणी वाटीवाटीनं चीक खाऊन पोट धरून लोळला होता, आणि तशातही "अजून दे" म्हणत होता. सांगता सांगता तिला हसू आवरेना. मीही हसले. डोळ्यांना धुराचं निमित्त होतं.

पातेलं रिकामं झालं की सांगू, असं मी मनाशी ठरवलं. पातेलं रिकामं झालं. मग वाटलं, जेवू दे. ती जेवायला बसली, दीड भाकरी खाल्ली, वर पाणी प्यायली. गाडी चुकल्यानं काका अजून वाटेतच होते, पण त्यांनी सांगितलं होतं तेवढं झालं. आता अडत काहीच नव्हतं, फक्त माझी जीभ उचलत नव्हती. भित्री आहे मी, दुसरं काय.

बाराच्या सुमाराला काकूची चुलतसासू आली. भावकीतली सगळ्यात थोरली म्हातारी, विटाळ-चांडाळ पाळण्यात गावात तिचा हात धरणारं कुणी नाही. काही बोलायचं नाही, अशी तिला पोरांनी दहादा ताकीद दिली होती. ती दारातच टेकली.

"आत्याबाई, बरं झालं आलात," काकू म्हणाली. "ह्या कडच्या कुरडया तेवढ्या उलटा."

म्हातारीनं हात मागे घेतला. "मला न्हाई शिवायचं बाई. सुतकात वाळवणाला हात लावत्यात का?"

जन्मभराची सवय बोलून गेली. बोलल्यावर तिनं तोंडावर पदर दाबला, पण आता त्याचा काय उपयोग.

काकूनं विचारलं, "कुणाचं सुतक?"

म्हातारी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "पालमचे बाबा गेले."

पालमचे बाबा म्हणजे आमच्या भावकीतले नव्वदीचे म्हातारे, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. ते गेल्याचं कुणालाही पटलं असतं. खोट्या मरणानं आयुष्य वाढतं म्हणतात. ते अजून आहेत.

"मंग मला सकाळधरनं सांगितलं का न्हाई? अन सुतकात तू मला कुरडया घालू देल्या?"

"चीक वाया गेला असता, काकू."

ती थोडी रडली, तोंड धुतलं आणि आत जाऊन लुगडं बदलायला लागली. पूर्णेहून पालमची गाडी धरायची म्हणाली. पूर्णेला जायचं तर फाट्यावर उभं राहावं लागतं, आणि फाट्यावर तिचं पोरगं वर्दीत, पुरुषभर उंचीच्या फलकावर, हार घालून उभं होतं. मी दार अडवून उभी राहिले.

निऱ्या घालता घालता काकू म्हणाली, "माझा फोन कुठंय? त्याला लावून दे. बाबांचं सांगते. खांद्यावर घेऊन फिरायचे त्याला. मागून कळलं तर लय रागवंल माझ्यावर."

मी कमरेचा फोन काढला. तिनं हात पुढे केला.

"बाबा न्हाई गेले, काकू," मी म्हणाले. "आपलं पोरगं गेलं. आज पहाटं."

ती अर्ध्या निऱ्या हातात धरून खाटेवर बसली. तिनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

"सातला."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "म्हंजी मी हासत होते, तवा तुला ठाव होतं."

"होय."

त्यापुढे ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आणलं. एवढी माणसं मी आमच्या गावात कधी पाहिली नव्हती. लोक मला म्हणत, बरं झालं तू वेळेवर सांगितलंस, फाट्यावर कळलं असतं तर माउली जागेवर गेली असती. मी मान हलवत होते. त्यानं कोण सांगणार ते ठरवलं होतं, कधी ते ठरवलं नव्हतं, अशी वकिली मी आजही मनात करते आणि दर वेळी हरते.

काकूनं मला कधी दोष दिला नाही. आता ती पुन्हा माणसांत येते, लग्नाकार्यात वाढायला उभी राहते. पण कुणी गमतीचं बोललं आणि हसू ओठावर आलं, की ती आधी गर्दीत मला शोधते आणि विचारते, "समदे बरे हायत ना गं?" मी हो म्हणेपर्यंत ती थांबते, आणि मग हसते.