लाल दाराबाहेरची टोपी

बुधवारी दुपारी चौथ्यांदा ती टोपी लाल दाराबाहेरच्या खुंटीवर दिसली आणि टाकीवालीच्या हातातला कॅन हिंदकळला. वीस लिटरचा, काठोकाठ भरलेला. झाकण आवळलेलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर वासानंच सगळ्या कारखान्याला वर्दी गेली असती.

टोपी खाकी, कडेला उसवलेली, मागे सरसाचा जुना डाग. तिच्या सासऱ्यांची. याच फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं सुतारकाम केलं, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर मालकांनी त्यांना गेटवर बसवलं. कुठेही आत शिरताना टोपी काढून बाहेर टांगायची ही त्यांची जुनी सवय, मग ते मालकांचं ऑफिस असो की संडास.

तिनं कॅन शेडमध्ये नेऊन टेकवला. परत आली. टोपी तिथेच. कोपऱ्यातला झाडू उगाच या भिंतीचा त्या भिंतीला लावला. टोपी तिथेच. इतका वेळ? मग आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. एक बादली, लगेच दुसरी. ती लगबगीनं भुश्याच्या पिंपामागे सरकली. सुनेनं सासऱ्याच्या समोर अशा ठिकाणी उभं राहू नये, एवढं तिलाही कळत होतं.

कारखान्यात माणसं साठ. सहा वर्षांपूर्वी एक इंजिनिअर बाई आली आणि तिनं जुने संडास पाडून हिरव्या दारांचे पाच नवे बांधून घेतले. त्यांतलं भांडं दुभागलेलं. पुढच्या वाटीत पडणारी लघवी नळीनं थेट कॅनमध्ये, मागचं खालच्या खड्ड्यात, वर एक वाडगाभर भुसा. भुश्याला इथे काय तोटा! रोज तीन कॅन भरायचे. टाकीवाली ते मागच्या शेडमधल्या मोठ्या टाक्यांपैकी एकीत ओतायची. टाकी भरली की झाकण बंद, वर खडूनं तारीख, आणि पुढचे सहा महिने कुणी हात लावायचा नाही. तेवढ्या काळात आतले रोगजंतू मरतात. मग रोपवाटिकेचा टेम्पो यायचा आणि माल न्यायचा. एका भागाला दहा भाग पाणी घालायचं, रोपाच्या मुळाशी ओतायचं, वरून माती ओढायची. झालं खत. पण झाकण सैल राहिलं तर त्यातला जोर हवेत उडून जातो आणि खाली नुसतं घाण पाणी उरतं, हे इंजिनिअर बाईनं तिला एकदाच सांगितलं होतं. तिनं ते इतकं मनावर घेतलं की घरात तेलाच्या बाटलीचं बूचसुद्धा ती दोनदा पिरगाळायची.

सासऱ्यांनी या कामाला पहिल्या दिवशीच नाक मुरडलं. आठ दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही. पुढे घ्यायला लागले, पण टोमण्याशिवाय घोट गिळला नाही. "मुलगा लाकूड घासतो, मी दार राखतो, आणि सूनबाई जगाचं मूत सांभाळते. राजघराणंच आहे आपलं!" रोपवाटिकेतून पहिले टोमॅटो भेट आले तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं होतं. दुसऱ्या दिवशी टोपलीत चार कमी निघाले. आळ मांजरावर आला. घरात मांजर नव्हतं.

लाल दार मात्र एकच. त्यातलं सगळं जुन्या गटारात जायचं. दारावर तीन ओळींची पाटी होती. औषध-गोळ्या चालू असतील तर इथे या. ताप-जुलाब असतील तर इथे या. लघवीत रक्त असेल तर इथे या. आणि कुठेच न लिहिलेला एक नियम टाकीवालीचा स्वतःचा होता: लाल दारातून बाहेर येणाऱ्याला काहीही विचारायचं नाही. विचारलं की माणूस दुसऱ्या दिवसापासून हिरव्यात शिरणार आणि टाकी नासणार. ती विचारत नव्हती म्हणून माणसं खरं वागत होती. पॉलिशवाल्या काकांची साखर, पॅकिंगमधल्या मुलीला गेलेले दिवस, मोठ्या साहेबांची झोपेची गोळी, तिला सगळं त्यांच्या घरच्यांच्या आधी समजायचं आणि तिच्या पोटातच राहायचं.

"तुझं पोट आहे की टाकी?" नवरा म्हणायचा.

आता तोच नियम तिच्या घशात अडकला होता.

संध्याकाळी नवरा पॉलिशनं पिवळे झालेले हात रॉकेलनं पुसत बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, बसली, पुन्हा उठली.

"अहो, मामंजींना काही गोळ्या चालू आहेत का?"

"बाबांना? ते डॉक्टरचं तोंड बघत नाहीत, गोळ्या कसल्या घेतायत."

"मग लाल दारात का जातात?"

"जवळ पडत असेल गेटवरून."

"हिरवं जवळ आहे. लाल तिथून पुढे तेवीस पावलं."

"मोजलीस?"

मोजली होती. जाताना तेवीस, येताना बावीस. घाईत एक पाऊल लांब पडलं होतं.

"तुम्ही विचारा ना त्यांना."

"काय विचारू? बाबा, तुम्ही मुतायला कुठे जाता आणि का? रंधा फेकून मारतील." तो हसला. "आणि तुझाच नियम ना, विचारायचं नाही म्हणून?"

गुरुवारी टोपी पाचदा दिसली. तिनं मोजायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारच्या सुट्टीत ती घरी पळाली. सासऱ्यांची उशी चाचपली, कोटाचे खिसे उलटे केले, कॉटखालची हत्यारांची पेटी ओढली. पटाशा, करवतीचं पान, पेन्सिलीचे थोटके तुकडे, सासूबाईंचा एक फोटो. गोळ्यांचं पाकीट नाही, बाटली नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. सगळं होतं तसं ठेवून ती मागच्या दारी आली, तर दोरीवर सासऱ्यांच्या चड्ड्या वाळत होत्या. महिन्याभरापूर्वी ते म्हणाले होते, "माझे कपडे मीच धुईन, हाताला चाळा हवा." ती तेव्हा खूश झाली होती. एक बादली कमी झाली म्हणून.

आता त्या चड्ड्यांकडे बघताना तिला काहीतरी खटकलं, पण काय ते हाती लागेना. कामावर परतली ती तशीच, चपलेत पाय नीट न घालता.

शुक्रवारी ती लाल दारावरची पाटी पुसत होती. महिन्यातून एकदा पुसायची. पहिली ओळ, औषध. नाही. दुसरी ओळ, ताप. धडधाकट आहेत. फडकं तिसऱ्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं.

ही ओळ बायकांची, असं सगळा कारखाना धरून चालला होता. महिन्याचे चार दिवस बायका या दाराशी यायच्या. पुरुषांच्या डोळ्यांना ती ओळ जणू दिसतच नव्हती. तिनं स्वतः तरी सहा वर्षांत कुठे विचार केला होता? पाटीवर बायकांसाठी असं कुठे लिहिलं होतं?

दोन बादल्या पाणी. स्वतः धुतलेल्या चड्ड्या. हातातलं फडकं तिनं इतकं पिळलं की त्यात थेंब उरला नाही, तरी पिळतच राहिली.

शनिवारी सकाळी लाल दाराला कुलूप होतं आणि पाटीखाली खडूनं लिहिलेलं होतं: चावी टाकीवालीकडे.

पहिले आले पॉलिशवाले काका, घाईनं पाय जुळवून. "अगं बाई, कुलूप? माझी साखर काय तुझ्या कुलपाला भिते?"

"घ्या काका, घ्या." तिनं चावी दिली, ते बाहेर येईपर्यंत थांबली आणि पुन्हा कुलूप लावलं.

"आत खजिना ठेवलायस का?" काका पँट सावरत म्हणाले.

मग ती शेडच्या जाळीमागे उभी राहिली. मामंजी आले. टोपी काढली. खुंटीकडे हात गेला आणि कुलूप दिसलं. टोपी पुन्हा डोक्यावर. गेटकडे गेले. थोड्याच वेळात परत आले, कुलूप ओढून बघितलं, खालचं वाचलं, परत गेले. हिरवी पाच दारं समोर होती, दोन तर सताड उघडी. तिसऱ्यांदा आले तेव्हा चाल वाकडी झाली होती. ते एका उघड्या दारापाशी थांबले. चावी तळहातात रुतली होती. पळत जावं आणि देऊन टाकावी, असं चारदा वाटलं. जा आत, जा, म्हणजे माझं चुकलंय असं तरी होईल.

ते आत गेले नाहीत. वळले आणि थेट शेडमध्ये आले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"सूनबाई, चावी."

"हिरवं उघडं आहे, मामंजी."

"चावी दे म्हणतो ना!"

"पाटीवरची कुठली ओळ?"

तिच्या तोंडून निघून गेलं.

"तू विचारत नाहीस म्हणतात."

"सगळ्यांना नाही विचारत. सगळे माझे सासरे नाहीत."

त्यांनी टोपी काढली. टांगायला काही दिसेना, म्हणून हातात फिरवत राहिले. "तिसरी," म्हणाले.

"कधीपासून?"

"महिना. आधी कोऱ्या चहासारखी, मग लालच. दुखत नाही गं. दुखलं असतं तर बोललो असतो." मग खाली बघत, "थोरला भाऊ असाच. दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेला होता."

भावाला परत आणताना चार माणसं लागली होती, हे तिला सून होऊन आली तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं.

"म्हणून महिनाभर गप्प? आणि रोज तेवीस पावलं जास्तीची चाललात? हिरव्यात गेला असतात तर मला जन्मात कळलं नसतं."

"तुझ्या टाकीत घालू?" ते एकदम चिडले. "तारीख घालतेस त्याच्यावर! किडलेली फळी मी कधी कुणाच्या पलंगात घातली नाही. आता या वयात घालू? दे चावी, नाहीतर इथेच फजिती होईल."

तिनं चावी दिली. ते वळताच टाकीला टेकून तिनं डोळे पुसले आणि लगेच नवऱ्याला हाक मारायला धावली.

दुपारी तिघं दवाखान्याच्या लांबलचक बोळात बाकावर होते. नवऱ्याच्या हातांवर पॉलिश तसंच होतं, सकाळपासून त्याला एकही विनोद सुचला नव्हता. नर्सनं दिलेली छोटी बाटली मामंजींनी भरून, टोपीखाली झाकून आणली. मुलानं हात पुढे केला तर त्याला दिली नाही.

"तुझ्याकडे नको. हिला देतो म्हणजे झाकण नीट लागेल."

टाकीवालीनं बाटली घेतली. आतला रंग बघितला, न बघितल्यासारखं केलं. झाकण दोनदा पिरगाळलं. मग खिशातलं पेन काढून चिकटपट्टीवर तारीख घातली.

"तारीख आम्ही घालतो, ताई," नर्स म्हणाली.

"असू दे."

बाटली आत गेली. पोटाच्या फोटोसाठी वेगळा नंबर, मोठ्या डॉक्टरांसाठी वेगळा. रिपोर्ट चार दिवसांनी. टाकीवाली उठली, बोळाच्या टोकापर्यंत गेली, परत आली. बसली. पुन्हा उठली.

"बस की गं एका जागी," मामंजी म्हणाले. "टाकीकडे सहा-सहा महिने बघत नाहीस, आणि इथे चार दिवस निघत नाहीत?"

"टाकीत आपलं माणूस नसतं, मामंजी."

मग तेही अस्वस्थ होऊन बाकाची कड धरून उभे राहिले आणि बोळातल्या एका दारावरून दुसऱ्या दारावर बघत राहिले. सगळी दारं पांढरी.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "मला पुन्हा जायचंय. इथलं लाल दार कुठलं?"

"इथे सगळीच तसली," ती म्हणाली. "चला."

दाराबाहेर खुंटी नव्हती. त्यांनी टोपी काढून तिच्या हातात दिली आणि आत गेले. ती बाहेर उभी राहिली, टोपी दोन्ही हातांनी धरून, आतल्या पाण्याच्या आवाजाकडे कान लावून.