मावशीला झोप लागली तो दिवस

एका बाईला झोप लागली म्हणून मी तिच्यावर ओरडलो आहे. रात्रीच्या वेळी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर तिला झोप लागली, एवढाच तिचा गुन्हा. आणि मी ओरडलो तो भर गल्लीत, शर्टाची बटणं लावता लावता. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी कुठे शहाण्यासारखं बोललोच, तर ते किती मनावर घ्यायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

ती आमच्या अमरावतीच्या गल्लीतली फुलांची मावशी. साठी उलटलेली, काटक, कपाळावर गोंदलेलं. तिच्या घरची झेंडू-शेवंतीची थोडी वाडी होती गावाबाहेर. मुलगा मालवाहू ऑटो चालवायचा, सून घर बघायची, आणि मावशी ओट्यावर बसून हार ओवायची. संध्याकाळी कोणी तिच्यासमोर थांबून म्हणालं, "मावशी, उद्या पहाटची गाडी आहे," की ती मान वर न करता, सुई दातांत धरून म्हणायची, "जा, झोपा बिनघोर. मी हाय ना जागी."

मावशीला रात्री झोप येत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. का येत नाही, कधीपासून येत नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. शेजारच्या विहिरीला पाणी असलं तर ते कुठल्या झऱ्याचं, हे आपण विचारतो का? बादली सोडतो आणि भरून नेतो. आम्ही तिची जाग तशीच भरून नेत होतो.

तुम्ही म्हणाल, मोबाईल होते की. होते. पण मोबाईलचा गळा अंथरुणातूनच दाबता येतो, मावशीचा येत नव्हता. आतून माणसाचा आवाज, तोही जांभईशिवाय, आल्याखेरीज ती दारातून हलायची नाही.

लक्षात ठेवण्याची तिची तऱ्हा होती. दाराच्या चौकटीवर एक दोरा बांधलेला असे. संध्याकाळी कोणी निरोप दिला की त्या घराचं फूल ती त्या दोऱ्यात ओवायची, आणि पहाटे माणूस उठला की काढून टाकायची. कोपऱ्यावरच्या नर्सबाईंची शेवंती. परीक्षेची तयारी करणाऱ्या पोराचा झेंडू. माझ्यासाठी मात्र ती नाल्याकाठचं बेशरमाचं फूल आणायची. मी एकदा तक्रार केली.

"मावशी, मला निशिगंध तरी द्या. मास्तर आहे मी."

"एका हाकेत उठान त्या दिवशी निशिगंध," ती म्हणाली. "तीन तीन हाका लागतेत तुमाले. बेशरमच शोभते."

उठवण्याचीही तिची ज्याची त्याला वेगळी पद्धत. परीक्षेच्या पोराला ती खिडकीतून म्हणायची, "उठ बे, तुह्या नंबरावर दुसरा बसून राहिला." नव्या नवरीच्या दारावर नुसती बांगडी वाजवायची. आणि माझ्या खिडकीशी येऊन खड्या आवाजात, "ओ मास्तर! शाळेतले पोट्टे काय म्हनतीन?" पोट्टे काय म्हणतील ते ठाऊक नाही, पण शेजारी काय म्हणतील या भीतीने मी उठायचो.

आता त्या दिवसाकडे येतो. अकोल्याला शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं आणि तिथे मला व्याख्यान द्यायचं होतं. विषय होता 'तणावमुक्त जीवन'. हसू नका, विषय मी निवडला नव्हता. व्याख्यानातली वाक्यं मात्र मी आठवडाभर आरशासमोर घोटली होती. त्यातलं एक मला फार आवडायचं: "कर्त्या पुरुषाला चिंता झोपू देत नाही, तरुणांना मोबाईल झोपू देत नाही, आणि म्हाताऱ्यांना झोप लागतच नाही कारण तिची गरजच उरत नाही." या यादीत बायका कुठेच नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

आदल्या संध्याकाळी मावशीला निरोप दिला. माझं बेशरमाचं फूल दोऱ्यात गेलं. मी निर्धास्त झोपलो, आणि उठलो तेव्हा खिडकीत चक्क ऊन होतं.

तसाच बाहेर धावलो. मावशीचं दार बंद. चौकटीवर फुलं तशीच, मलूल होऊन लोंबत होती. पलीकडे नर्सबाई केस विंचरत रिक्षाला हाका मारत होत्या. मी दार धडधडा वाजवलं. मावशी बाहेर आली. केस सुटलेले, गालावर गोधडीचे वळ, डोळे लहान मुलासारखे. इतकी ताजी मी तिला कधी पाहिली नव्हती. पण माझं लक्ष तिथे कुठे?

"अशा कशा झोपल्या तुमी?" मी ओरडलो. "सांगतलं होतं ना मी! माणूस एवढा भरोसा ठेवते, अन् तुमी मेल्यासारख्या झोपून राहिल्या?"

तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली. ती घाईघाईने दोऱ्यातलं माझं फूल काढू लागली. मागे सून उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेली बटणं घरात जाऊन लावली.

अकोल्याला उशिरा पोचलो आणि तणावमुक्त जीवनावर बोललो. ते आवडतं वाक्यही म्हटलं. टाळ्या पडल्या.

त्यानंतर मावशीकडून चूक झाली नाही. उलट झालं भलतंच. निरोप नसला तरी ती उठवू लागली. रविवारी, सुटीच्या दिवशी, होळीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. "मास्तर, नाई झोपली मी आज. पाहून घ्या," असं खिडकीतून सांगून पुढे जायची. गल्लीत हा विनोद झाला. मीही स्टाफरूममध्ये तो रंगवून सांगायचो. "आमची मावशी पगारी चौकीदारापेक्षा बरी, ओरडलं की काम सुधारते," असं मी म्हणालो आहे. हे लिहिताना हात थांबतो, पण म्हणालो आहे.

मग माझीच झोप उडाली. बावन्नाव्या वर्षी, काही ठळक कारण नसताना. शाळेतलं थोडं राजकारण, थोडं पोटाचं, बाकी उगीच. आणि काय सांगू, घरात जणू लग्नघर झालं. बायको तळपायाला तेल चोळू लागली. अचलपूरहून मेहुणा जायफळ घेऊन आला, नुसतं द्यायला म्हणून, बस बदलून. मुख्याध्यापकांनी आपणहून सुटी दिली. समोरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कर्ता माणूस आहे, डोक्यावर टेन्शन असते," जो तो म्हणत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

एका दुपारी तेल चोळून घेताना मी बायकोला म्हणालो, "झोप नसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं."

तिचा हात थांबला. "मले कळते," ती म्हणाली. "पाच वर्षं झाले. अंगातून वाफा निघतेत, रात्रभर कूस बदलतो मी."

"मग बोलली काहून नाही?"

"कोणाले बोलू? तुमी घोरून राहिले होते."

एवढं बोलून तिने पुन्हा तेल घेतलं आणि दुसरा पाय चोळायला लागली. मी पाय ओढून घेतला. ती म्हणाली, "आता नखरे नका करू, अर्धा झाला."

त्या रात्री झोप आली नाही ती माझ्या टेन्शनने नाही. खिडकीतून मावशीच्या घरातला दिवा दिसत होता. माझी झोप म्हणजे घरावरचं संकट, बायकोची झोप म्हणजे तिची ती, आणि मावशीची नसलेली झोप म्हणजे गल्लीची सोय. असं वाटप आम्ही केव्हा केलं, आणि ते सगळ्यांना इतकं रास्त कसं वाटलं?

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ओट्यावर सून एकटीच हार करताना दिसली. मी धीर करून विचारलं, "मावशीला झोप कधीपासून नाही?"

तिने सुई बाजूला ठेवली. "आज आठवण झाली सर तुमाले?"

मग तिने सांगितलं. तिचे सासरे झोपेतच गेले होते. मावशी बाजूलाच झोपली होती, वाडीवर दिवसभर राबून आलेली, गाढ. पहाटे चहाला उठवायला हात लावला तर अंग गार. मयतीला जमलेल्या बाया आणि भाऊबंद एकच विचारत होते, बाजूला होतीस आणि तुला कळलं नाही? अशी कशी झोपली तू? तेव्हापासून मावशी झोपली नव्हती. आपण झोपलो की कोणीतरी जातं, असं तिने मनाशी धरलं होतं. ती रात्रभर घरातल्या प्रत्येकाचा श्वास ऐकत बसायची. आमची दारं वाजवून आतून आवाज येईपर्यंत न हलणं, तेही त्यातलंच.

"डॉक्टरले सांगतलं तं म्हने वय झालं, कमी झोप लागते," सून म्हणाली. "मंग मी सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं, लपवून. त्या म्हने हे वयाचं नाई, हे मनावर बसलेलं हाय. गोळी देल्ली, दर आठवड्याले बोलाले बोलावलं. महिनाभरानं पहिल्यांदा पुरी रात झोपली आत्याबाई. मी दाराशी बसून पाहत होती, आनंदानं. मीच नाई उठवलं तिले. अन् सकाळी तुमी आले."

मी ओट्यावर सांडलेल्या पाकळ्या उगीच गोळा करू लागलो.

"गोळ्या फुलांच्या कचऱ्यात टाकल्या तिनं त्या दिवशी. म्हने, या गोळीनं मास्तरची गाडी हुकवली, उद्या कोणाचा जीव हुकवीन."

मी त्याच संध्याकाळी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. मी मास्तर, त्यातून गल्लीत ओरडलेलो, मग माफीही गल्लीतच मागावी लागणार, आणि सगळे ऐकणार. आज मागू, उद्या मागू, करत मी तिच्याकडून रोज हार मात्र घेऊ लागलो. घरात देवापेक्षा हार जास्त झाले. मावशी म्हणाली, "मास्तर, एखादं मंदिर काढून राहिले का?" तरी मी माफी न मागता आणखी एक हार घेतला.

आणि एके दिवशी मावशी गल्लीतून गेली. अकोल्याला, लेकीकडे. ही सुनेची युक्ती होती. "तिथल्या गल्लीत कोणाले मालूम नाई का आत्याबाई जागी रायते," ती म्हणाली. "कोणाची गाडी नाई, कोणाचा पेपर नाई."

इथे आमच्या गल्लीची दैना झाली. परीक्षेच्या पोराने तीन अलार्म लावले आणि तिन्ही झोपेत बंद केले. नर्सबाईंनी ड्युटी बदलून घेतली. चौकटीवरचा दोरा रिकामा हलायचा. लोक म्हणायचे, मावशी परत कधी येणार? मी एका रविवारी अकोल्याची बस पकडली. माझी झोप तोवर परतली होती, उठायला अर्थात उशीर झाला होता, म्हणून दुपारचीच.

लेकीचं घर शोधून पोचलो तेव्हा मावशी पुढच्या खोलीत खाटेवर झोपली होती. पंख्याखाली, तोंड उघडं, एक हात खाटेबाहेर. आणि घोरत होती. चांगला दणदणीत आवाज होता, माझ्या बायकोने ऐकला असता तर माझ्या घोरण्याचं कौतुक थांबवलं असतं.

"थांबा, उठवतो मायले," लेक म्हणाली.

"नको," मी इतक्या घाईने म्हणालो की ती दचकली.

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. लेकीने चहा दिला, हळू आवाजात सांगितलं की डॉक्टरीणबाईंची गोळी पुन्हा सुरू केली आहे, हट्ट करून द्यावी लागते. मग दुसरा चहा दिला. परतीची बस निघून गेली असणार, हे मला कळत होतं. खाटेवरचा तो हात मधूनच हलायचा, हवेत सुई धरल्यासारखा, आणि पुन्हा सैल पडायचा.

ऊन उतरल्यावर मावशी जागी झाली. मला पाहून ताडकन उठून बसली, पदर सावरला आणि लेकीवर खेकसली, "काहून उठवलं नाई व मले? मास्तर कवाचे बसून हायेत!" मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर तीच, त्या सकाळची भीती. "गाडी हुकली का तुमची?"

"हुकली, मावशी," मी म्हणालो. "तेव्हाही हुकली ती माझ्यामुळे. गाडी माझी होती, उठायचं मला होतं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, त्या रात्री नाही, आणि तुमचे मालक गेले त्या रात्रीही नाही. मी ओरडलो, ते चुकलं. माफ करा मला."