समुद्र आवडतो की डोंगर?

स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. सक्करदऱ्याला आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझा क्लास भरतो. मंडळी येतात, दाराशी चपला काढतात, जाताना चपला घेऊन जातात. किस्से तेवढे इथेच सोडून जातात! परवा मैत्रिणींना सांगायला बसले, तर सगळ्यांचा चहा थंड झाला. म्हटलं, निदान एका बॅचचे तरी लिहूनच काढावेत.

शेवटपर्यंत टिकले तिघेच. सुमेध इंजिनिअर; परदेशी शिकायला जायचं होतं आणि त्यासाठीच्या बोलण्याच्या परीक्षेत एकदा आपटला होता. प्रफुल्ल मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. त्याला विदेशी क्लायंटशी बोलायची पोस्ट हवी होती. आणि तिसऱ्या कुंदाताई, इतवारीत भांड्यांचं दुकान असलेल्या. त्यांच्या मुलानं, अभयनं, आयर्लंडमध्ये तिथल्याच मुलीशी लग्न केलं होतं. सून पहिल्यांदाच घरी येणार होती.

"मॅडम, सून आली आन् मी नुसतीच हसत बसली तं कसं दिसन?"

तिघांचंही गाडं एकाच ठिकाणी अडायचं. निसर्गाचं वर्णन करा, आणि तुम्हाला काय आवडतं ते सांगा!

* * *

पहिल्याच दिवशी सुमेधला इंग्रजीत विचारलं, "समुद्र आवडतो की डोंगर?"

"माउंटन."

"व्हाय?"

"गुड."

"अरे, थोडं वाढव. उत्तरात 'बिकॉज' आलंच पाहिजे."

त्यानं पंख्याकडे बघत बराच विचार केला.

"आय लाइक माउंटन बिकॉज इट इज नॉट सी."

मागच्या वेळी याचा परीक्षक लवकर घरी गेला असणार!

* * *

मे महिना. डोक्याला दुपट्टे गुंडाळून मंडळी जिना चढून आलेली. तोच प्रश्न कुंदाताईंना टाकला.

"आय प्रिफर कूलर."

"अहो ताई, पर्याय दोनच आहेत. सी ऑर माउंटन."

"सी इज फार. माउंटन इज फार. कूलर इज इन विंडो!"

कारण आहे, तुलना आहे, वाक्यं पूर्ण आहेत. चूक काढू तरी कुठं? दिले पूर्ण मार्क.

* * *

प्रफुल्लचा आजार उलटा. तो मोबाइलवरचे व्हिडिओ बघून अख्खी उत्तरं पाठ करायचा. आवडत्या जागेबद्दल बोल म्हटलं की उभा राहून सुरू, "द ब्रेथटेकिंग व्ह्यू ऑफ अ‍ॅझ्युअर वॉटर..."

मी थांबवलं. "कुठली रे ही जागा?"

"आपला सक्करदरा तलाव."

"आणि अ‍ॅझ्युअर म्हणजे कोणता रंग?"

'निळाशार' म्हणायचं सोडून प्रफुल्ल गडबडला. "तलावाच्या पाण्याचा जो हाय, तोच."

"म्हंजे हिरवा," कुंदाताई म्हणाल्या.

* * *

खोलीत बसून निसर्ग काही येणार नाही म्हणून एका संध्याकाळी तिघांना तलावावरच नेलं. अट एकच, मराठी बंद! त्याच आठवड्यात विशेषणांचा क्रम शिकवला होता. आधी तुमचं मत, मग आकार, मग वय, मग रंग.

कुंदाताई पाण्याकडे तोंड करून शब्द जुळवत उभ्या होत्या. पाठीमागे धरलेल्या हातात भाजीची पिशवी. मागून एक गाय आली. ती फक्त सुमेधला दिसली. पोरगा गुणी, त्यानं अट मोडली नाही.

"कुंदाताई, बिहाइंड यू देअर इज अ ब्यूटिफुल... बिग... ओल्ड..."

इथं तो अडला. ब्राऊन म्हणावं की रेडिश ब्राऊन?

तोवर गाईनं पालक संपवून मेथीला तोंड घातलं होतं. पिशवीला हिसका बसला तशा कुंदाताई वळल्या आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"अरे, नुसतं काऊ म्हण ना गा!"

* * *

आवडीनिवडीच्या प्रश्नावर विचाराला वेळ मिळावा म्हणून मी एक युक्ती शिकवली. आधी "इट डिपेंड्स" म्हणायचं, मग सावकाश पुढचं. प्रफुल्लला ते भलतंच आवडलं. चहा की कॉफी? इट डिपेंड्स. खिडकी लावू का? इट डिपेंड्स!

एका रविवारी त्याच्या आईचा फोन. "मॅडम, काय शिकवून राहिले तुम्ही आमच्या पोराले? पोरगी पाहाले आलो. पसंत हाय का विचारलं, तं तिच्या बाबासमोर म्हंते, इट डिपेंड्स!"



पुढचं सोमवारी प्रफुल्लनंच सांगितलं. कोणाच्या घशाखाली पोहे उतरेनात. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "ऑन व्हॉट?"

यावर पाठ केलेलं काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःचं इंग्रजी वापरलं.

"ऑन यू."

साखरपुड्याची संत्रा बर्फी आम्ही क्लासमध्येच खाल्ली. ती क्लायंटवाली पोस्टही त्याला मिळाली, पण बर्फीच्या नादात ती बातमी कोणी नीट ऐकलीसुद्धा नाही!

* * *

सुमेध परीक्षा देऊन थेट क्लासवर आला. चेहरा पडलेला.

"मॅडम, तुमच्या आवडीचं एक दृश्य सांगा म्हणे. मी आमच्या गच्चीवरचा सूर्यास्त घेतला. मस्त चालू होतं. मधातच सर म्हणाले, थँक यू."

"मग?"

"मी म्हटलं, यू आर वेलकम. अन् पुढं बोलत राहिलो."

"अरे देवा!"

"मग म्हणाले, दॅट्स इनफ. मी म्हटलं, वन मिनिट सर, सन इज स्टिल गोइंग डाउन!"

कुंदाताईंनी कपाळाला हात लावला.

निकाल लागला, तर पास! हवे होते त्याहून जास्त मार्क. बुडत्या सूर्यानं पोराला तारलं.

* * *

राहिल्या कुंदाताई. सून यायची त्या दिवशी सकाळपासून मला फोन. "मॅडम, 'आर यू टायर्ड' आधी की 'हाऊ वॉज द जर्नी' आधी?" शेवटी मलाच इतवारीत बोलावून घेतलं. वाक्य विसरलं तर मागून सांगायला!

अभयबरोबर सून आली. उंच, हसरी. दारातच वाकून पाया पडली. कुंदाताईंनी धीर सोडला नाही. चहा झाल्यावर तिला गच्चीवर नेलं आणि खालच्या गर्दीकडे हात करून सुरुवात केली. आणि काय सुरुवात केली!

"दिस इज अवर इतवारी. यू कॅन सी मेनी हँडकार्ट्स अँड मेनी पीपल. ऑल आर शाउटिंग, बट नोबडी इज अँग्री. आय प्रिफर इव्हनिंग, बिकॉज इन द इव्हनिंग माय पीपल कम होम."

हे शेवटचं मी शिकवलेलं नव्हतं.

मग त्यांनी सुनेकडे वळून, एकेक शब्द सुटा सुटा करून विचारलं, "अँड यू, माय डिअर? व्हॉट डू यू प्रिफर? मॉर्निंग ऑर इव्हनिंग?"

सुनेनं अभयकडे पाहिलं. अभय आभाळात काहीतरी शोधू लागला. मग ती कुंदाताईंच्या जवळ सरकली आणि अगदी काळजीनं म्हणाली,

"काहून वं आई, तुले मराठी येत नाही का?"